छोट्या विमानाची अवजारपिशवी आणि आणीबाणीची शिदोरी

विदर्भातल्या एखाद्या लहान धावपट्टीवर विमान बिघडून उभे राहिले, तर सर्वांत आधी मदतीला धावून येतो तो जवळच्या गावातला ट्रॅक्टरचा मिस्त्री. त्याचा हात सराईत असतो आणि मनात कसलाही किंतु नसतो. पण त्याचे पाने मिलिमीटरच्या मापाचे असतात, तर सेसना १७२ किंवा पायपर यांसारख्या अमेरिकी बनावटीच्या विमानांचे बहुतेक नटबोल्ट इंचांच्या मापाचे असतात. ज्या बोल्टाला ७/१६ इंचाचा पाना लागतो त्याचा माथा ११.१ मिलिमीटर भरतो, म्हणून अकराचा पाना त्यावर चढत नाही आणि बाराचा सैल फिरतो. अर्ध्या इंचाच्या माथ्यावर तेराचा पाना बसल्यासारखा वाटतो आणि जोर लावताच कोपरे गोल करून टाकतो. मिस्त्रीकडे ऑइल असते, बॅटरी असते, ब्रेकचे तेल असते, आणि यांतले काहीही आपल्या विमानाला चालत नाही. म्हणून जे लागणार ते आपल्याबरोबरच आले पाहिजे, आणि ते काय असावे व कुठे ठेवावे, हे नुकताच परवाना हाती आलेल्या वैमानिकांसाठी येथे क्रमाने सांगत आहे.

गोंदियाजवळच्या बिरसीला वैमानिक प्रशिक्षण चालत आले आहे, आणि नागपूरचे सोनेगाव तर मोठे विमानतळच आहे. मात्र अकोल्याची शिवणी, चंद्रपूरजवळचे मोरवा किंवा यवतमाळ अशा ठिकाणी उतरताना अभियंता, इंधन आणि सुटे भाग तिथे असतीलच असे गृहीत धरू नये. निघण्यापूर्वी फोन करून विचारावे, आणि उत्तर ‘नाही’ असेल तर पुढचे सर्व वाचून तयारी करावी.

पहिली पायरी : कोणते काम आपले, कोणते नाही

अवजारे हाती आली की दुरुस्तीची इच्छा होते. ती आवरावी. आपल्याकडे नोंदणीकृत विमानावरील दुरुस्ती परवानाधारक विमान देखभाल अभियंत्याने करायची आणि विमान उड्डाणयोग्य असल्याची नोंद व स्वाक्षरीही त्यानेच करायची असते. वैमानिकाने स्पार्क प्लग बदलून उडून जाणे हा नियमभंग तर आहेच, शिवाय त्यानंतर काही घडले तर विम्यापासून चौकशीपर्यंत सर्वच गोष्टी त्याच्या विरोधात जातात.

मग अवजारांची पिशवी कशाला? तिचे खरे काम तीन प्रकारचे आहे. उड्डाणापूर्वीची तपासणी नीट व्हावी, रात्रभर उघड्यावर उभे असलेले विमान सुरक्षित राहावे, आणि चार तासांचा रस्ता तुडवून अभियंता आला तर त्याला हवे ते माप, हवा तो भाग आणि हवे ते तेल जागेवर मिळावे. माझ्या पहिल्या वर्षात एका धावपट्टीवर पुढच्या चाकात बाभळीचा काटा शिरला. मी फोनवर ‘ट्यूब घेऊन या’ एवढेच सांगितले. पुढचे चाक आणि मागची चाके यांच्या ट्यूब वेगवेगळ्या मापाच्या असतात, हे त्या घाईत माझ्या लक्षात आले नाही. अभियंता दुपारी पोहोचला तो मागच्या चाकाची ट्यूब घेऊन, आणि आम्हां दोघांना तिथेच मुक्काम करावा लागला. तेव्हापासून पिशवीच्या झाकणावर आतून एक कार्ड चिकटवलेले असते. त्यावर विमानाचे मॉडेल व अनुक्रमांक, इंजिनाचे मॉडेल, पुढच्या व मागच्या टायरचे माप आणि हवेचा दाब, प्लगचा क्रमांक, इंजिन ऑइलची जात, बॅटरीचे व्होल्ट आणि अभियंत्याचा दूरध्वनी लिहिलेला आहे. नवख्याने पिशवीत पहिली वस्तू हीच घालावी. तिला वजन नाही आणि खर्चही नाही.

दुसरी पायरी : अवजारांची निवड

बाजारात मिळणारा शंभर नगांचा तयार संच घेऊ नये. त्यातली निम्मी अवजारे विमानाला लागत नाहीत आणि जी लागतात ती त्यात नसतात. त्याऐवजी आपल्या अभियंत्याबरोबर एक सकाळ काढावी, इंजिनावरचे आवरण उघडताना व बंद करताना शेजारी उभे राहावे, आणि त्याने प्रत्यक्ष हातात घेतलेले प्रत्येक अवजार लिहून घ्यावे. सेसना १७२ सारख्या विमानासाठी माझी यादी साधारण अशी झाली : ३/८, ७/१६, १/२ आणि ९/१६ इंचाचे पाने, एका तोंडाला रिंग असलेले, ७/८ इंचाचा खोल प्लग सॉकेट आणि त्याचा दांडा, सपाट व चौफुलीचे प्रत्येकी दोन पेचकस, त्यांतला एक बुटका, साधी पकड, लांब चोचीची पकड आणि तार कापायची कात्री, लहान आरसा, टॉर्च आणि लहान मल्टिमीटर. ज्यांच्या विमानात रोटॅक्स इंजिन आहे त्यांनी मात्र मिलिमीटरचे पाने घ्यावेत. युरोपीय बनावटीच्या अनेक हलक्या विमानांत तीच मापे असतात.

याखेरीज ०.०३२ इंच जाडीच्या लॉकिंग वायरची, म्हणजे बोल्ट सैल होऊ नये म्हणून बांधायच्या तारेची, लहान रिळी, वेगवेगळ्या मापांच्या स्प्लिट पिन, केबल टाय, ॲल्युमिनियमची चिकटपट्टी आणि जुन्या सुती धोतराच्या धुतलेल्या चिंध्या ठेवाव्यात. पुढची काच ॲक्रिलिकची असते. ती पेट्रोलने किंवा घरातल्या काच पुसायच्या द्रवाने पुसली तर धुरकट होते आणि तडकते. आपल्याकडची उन्हाळ्यातली धूळ कोरड्या फडक्याने पुसणे म्हणजे काचेवर वाळूकागद फिरवणेच होय. आधी भरपूर साधे पाणी सोडावे, धूळ वाहून जाऊ द्यावी आणि मगच ओल्या मऊ कपड्याने पुसावे.

स्पार्क प्लगबद्दल थोडे विस्ताराने सांगतो, कारण धावपट्टीवर अडकण्याचे ते नेहमीचे कारण आहे. चार सिलिंडरच्या लायकोमिंग इंजिनाला आठ प्लग असतात, प्रत्येक सिलिंडरला दोन. विमानाच्या पेट्रोलात शिसे असते आणि जमिनीवर बराच वेळ समृद्ध, म्हणजे पेट्रोल जास्त व हवा कमी अशा, मिश्रणावर इंजिन फिरत राहिले की प्लगवर शिशाचे मणी साचतात. मग प्लगांना ठिणगी पुरवणारे दोन मॅग्नेटो एकेक करून तपासताना इंजिनाचे दर मिनिटाचे फेरे जास्त उतरतात. सेसना १७२एस च्या पुस्तिकेत एका मॅग्नेटोवरची घट १५० फेऱ्यांहून आणि दोहोंतला फरक ५० फेऱ्यांहून अधिक नसावा, असे दिले आहे. अशा वेळी प्रशिक्षकाने शिकवलेल्या पद्धतीने मिश्रण पातळ करून इंजिन थोडा वेळ चालवून पाहावे. पुष्कळदा एवढ्यावर काम होते आणि पिशवी उघडावीही लागत नाही. न झाल्यास उडू नये आणि अभियंत्याला बोलवावे. त्याच्यासाठी दोन नवे प्लग त्यांच्या मूळ पुठ्ठ्याच्या नळीत आणि चार नवी तांब्याची वॉशर पिशवीत असावीत. प्लग हातातून खाली पडला तर तो वरून कितीही धड दिसला तरी टाकून द्यावा, कारण आतले चिनीमातीचे आवरण तडकलेले असू शकते. लायकोमिंगचे प्लग ३५ फूट-पाउंडावर कसायचे असतात. टॉर्क पाना जड असल्याने तो पिशवीत न ठेवता अभियंत्यालाच आणायला सांगावा.

चाकांचा विषय आपल्याकडे बाभळीमुळे महत्त्वाचा ठरतो. धावपट्टीच्या कडेला बाभूळ असतेच आणि वाऱ्याने, शेळ्यांच्या खुरांनी काटे डांबरावर येतात. म्हणून पुढची व मागची अशी प्रत्येकी एक ट्यूब टाल्कम पावडर लावून, कापडात गुंडाळून ठेवावी. बरोबर व्हॉल्व्हची एक सुटी पिन, दाब मोजायचे मापक आणि पायपंप असावा. आपल्याकडच्या साध्या सायकलचा व्हॉल्व्ह वेगळा असतो, त्यामुळे मोटारसायकलच्या ट्यूबला चालणारा पंप घ्यावा. विमानाचे चाक दोन अर्ध्या तबकड्या बोल्टांनी जोडून बनलेले असते. टायरमधली हवा पूर्ण काढल्याशिवाय ते बोल्ट सैल केले तर तबकडी उसळून माणूस जागीच ठार होऊ शकतो. पंक्चर काढायला उत्साहाने पुढे आलेल्या कोणालाही या चाकाला हात लावू देऊ नये, आणि त्यामागचे कारण त्याला नीट समजावून सांगावे, म्हणजे तो दुखावला जाणार नाही.

तिसरी पायरी : तेल, इंधन आणि बॅटरी

गावात मिळणाऱ्या तीन वस्तू विमानात कधीही घालू नयेत. पहिली म्हणजे ट्रॅक्टरचे किंवा मोटारीचे इंजिन ऑइल. त्यात राख सोडणारी धातुयुक्त रसायने असतात, आणि हवेने थंड होणाऱ्या विमानइंजिनात ती राख तापून अवेळी स्फोट घडवते. दुसरी म्हणजे मोटारीच्या ब्रेकचे तेल. छोट्या विमानांच्या ब्रेकमध्ये लाल रंगाचे खनिज हायड्रॉलिक तेल असते, आणि मोटारीच्या तेलाने त्याच्या रबरी सीलांचा अक्षरशः चोथा होतो. तिसरी म्हणजे पंपावरचे पेट्रोल. त्यात आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी ओढून घेते, इंधनप्रणालीतले रबर खराब करते, आणि विदर्भाच्या उन्हात नळ्यांमध्ये वाफ धरण्याचा धोका वाढवते.

म्हणून आपल्या इंजिनाला चालणाऱ्या विमान ऑइलच्या दोन सीलबंद बाटल्या आणि स्वच्छ नरसाळे बरोबर असावे. सेसना १७२एस च्या इंजिनात आठ क्वार्ट, म्हणजे साधारण साडेसात लिटर ऑइल मावते आणि पाच क्वार्टांखाली उड्डाण करू नये, असे पुस्तिका सांगते. ब्रेकच्या लाल तेलाची लहान बाटली पुरे. निळसर रंगाचे १०० एलएल हे विमानपेट्रोल वाटेत मिळणार नाही असे धरून, परतीचे इंधन निघतानाच टाकीत असेल अशी आखणी करावी. टाकीच्या तळातून नमुना काढायची पारदर्शक पेली पिशवीत तळाशी न टाकता दाराच्या खिशात ठेवावी, कारण ती प्रत्येक उड्डाणापूर्वी लागते. पाणी पेट्रोलापेक्षा जड असल्याने पेलीच्या तळाशी बसते आणि त्यांच्यातली रेघ स्पष्ट दिसते. सगळी पेली पाण्यानेच भरली असेल तर रेघ दिसत नाही, म्हणून निळसर रंग आणि वास हे दोन्ही तपासावे. ऑगस्टच्या पावसात उघड्यावर उभ्या राहिलेल्या विमानात हे कधीही टाळू नये.

बॅटरी उतरली की ट्रॅक्टरच्या बॅटरीला वायर जोडून देण्याची तयारी गावकरी दाखवतात. ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टची असते, तर सेसना १७२एस ची २४ व्होल्टची. प्रेमाने नकार द्यावा आणि हाताने पंखा फिरवून इंजिन सुरू करण्याचा विचार तर मनातही आणू नये.

चौथी पायरी : विमान बांधणे आणि झाकणे

एप्रिल-मे महिन्यांत दुपारी चारनंतर आभाळ काळवंडते, धुळीचे लोट उठतात आणि अर्ध्या तासात वादळ येऊन जाते. फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट होते. छोट्या विमानाचे पंख वाऱ्यात उडण्यासाठीच बनवलेले असल्यामुळे मोकळे उभे असलेले विमान वादळात स्वतःच उचलले जाते. म्हणून दोन पंख आणि शेपूट अशा तीन जागांसाठी प्रत्येकी पाच मीटरचे नायलॉनचे दोर, तीन लोखंडी मेखा, मध्यम हातोडा आणि चाकांसाठी लाकडी गुटक्यांच्या दोन जोड्या असाव्यात. गुटके गावातल्या सुताराकडून बाभळीच्या लाकडाचे करून घ्यावेत. विटा व दगड वापरू नयेत, कारण ते फुटून पंख्यात जातात.

मेखांबद्दल आपल्या काळ्या मातीचा विचार वेगळा करावा लागतो. उन्हाळ्यात ती भेगाळलेली असते आणि भेगेत ठोकलेली मेख हाताने निघते; पावसाळ्यात ती लोण्यासारखी मऊ होते आणि मेख तिरपी होऊन सरकते. लहान मेखांचा तिथे उपयोग नाही. दोन फूट लांबीच्या, वरती कडी असलेल्या मेखा लोहाराकडून करून घ्याव्यात, भेग टाळून मुरमाड जागा शोधावी आणि विमानापासून बाहेरच्या बाजूला तिरप्या ठोकाव्यात. दोर ताणून बांधू नये, किंचित ढील ठेवावी. मेखा जड असतात हे खरे. पावसाळा व उन्हाळा सोडून हिवाळ्यातल्या एका दिवसाच्या फेरीला त्या घरी ठेवल्या तरी चालते, असे माझे मत आहे.

झाकणांच्या बाबतीत मात्र कोणत्याही ऋतूत सवलत घेऊ नये. कुंभारीण माशी एका दुपारीत पिटॉट नळीत, म्हणजे वेग मोजण्यासाठी समोरची हवा घेणाऱ्या नळीत, चिखलाचे घर बांधते, आणि मग वेग दाखवणारा काटा धावपट्टीवर चुकीचा आकडा दाखवतो. टाकीला हवा पुरवणारी लहान नळीही तिला तितकीच आवडते. ती बुजली की टाकी भरलेली असूनही इंजिनाला इंधन पुरेसे पोहोचत नाही. साळुंक्या इंजिनाच्या आवरणात गवत भरतात आणि ते गवत नंतर गरम नळकांड्यांवर पेटू शकते. पिटॉटचे झाकण, इंजिनाच्या तोंडाचे फोमचे बोळे आणि नियंत्रणांचे कुलूप यांना लाल फीत शिवून घ्यावी, त्यांना ओळीने क्रमांक द्यावेत आणि ती सर्व एकाच थैलीत ठेवावीत. थैलीतली संख्या पूर्ण भरली म्हणजे विमानावर काहीही लावलेले राहिले नाही, हे एका नजरेत कळते.

पाचवी पायरी : अंगावरची शिदोरी

आतापर्यंत सांगितलेले सर्व सामान विमान जमिनीवर धड असताना लागते. आणीबाणीचे सामान वेगळे, आणि ते ठेवायची जागाही वेगळी. शेतात किंवा रानात जबरदस्तीने उतरावे लागले तर विमानातून बाहेर पडायला काही सेकंदच मिळतात. पेट्रोलचा वास येत असताना मागच्या कप्प्यातली सुंदर लाल पेटी उघडायला कोणीही परत जात नाही, आणि जाऊही नये. जे अंगावर असते तेवढेच आपले असते. म्हणून अनेक खिशांचे एक सुती जाकीट घ्यावे आणि ते उड्डाणभर घालावे, मे महिन्यातसुद्धा.

त्या जाकिटात पुढील वस्तू असाव्यात : पट्टा कापायची आकडी, जी डाव्या व उजव्या दोन्ही हातांनी पोहोचेल अशा ठिकाणी असावी, साध्या सेलवर चालणारा हेडलॅम्प, शिटी, लहान आरसा, काडेपेटी किंवा लायटर, रक्तस्राव थांबवायची पट्टी व दाबपट्टी, दोन ओआरएसची पाकिटे, पाण्याची लहान बाटली, भ्रमणध्वनी बंद होणाऱ्या खिशात, आणि प्लॅस्टिकमध्ये बंद केलेले एक कार्ड. या कार्डावर मराठीत व हिंदीत मोठ्या अक्षरांत आपले नाव, रक्तगट, घरचा व विमानतळाचा क्रमांक, ११२ व १०८ हे क्रमांक आणि ‘या विमानाजवळ विडी-सिगारेट पेटवू नका, पंख्याला हात लावू नका’ असे लिहावे. आपण बोलण्याच्या स्थितीत नसलो तर ते कार्ड पोलीस पाटलाच्या किंवा आशाताईंच्या हाती पडेल आणि पुढचे काम त्यावरून सुरू होईल. मेळघाटात कोरकू आणि गडचिरोलीच्या आतल्या भागात गोंडी, माडिया बोलणारी माणसे पहिल्यांदा भेटू शकतात. तिथे साधी चित्रेही उपयोगी पडतात.

संदेश पोहोचवण्याच्या साधनांत विमानातला आपत्कालीन प्रेषक, म्हणजे ईएलटी, सर्वांत महत्त्वाचा. उपग्रह ४०६ मेगाहर्ट्झवरचाच संकेत ऐकतात. १२१.५ मेगाहर्ट्झवरचे ऐकणे उपग्रहांनी १ फेब्रुवारी २००९ पासून बंद केले आहे आणि जवळ आलेल्या शोधपथकाला दिशा सापडण्यापुरताच आता त्याचा उपयोग उरला आहे. आपल्या विमानात जुनाच यंत्रसंच असेल तर उपग्रहांच्या दृष्टीने तो मुकाच आहे. ४०६ चा संच बंगळुरूच्या इस्रोच्या केंद्रात नोंदवलेला असावा लागतो, म्हणजे संकेत मिळताच कोणाच्या घरी फोन करायचा हे त्यांना कळते. विमानाची मालकी बदलल्यावर ही नोंद बदलायची राहून जाते, म्हणून ती स्वतः विचारून खात्री करावी. बॅटरीची मुदत संचावर लिहिलेली असते. जमिनीवर आदळल्यावर तो आपोआप सुरू झाला आहे असे न समजता बटण हाताने ‘चालू’ करावे आणि मदत येईपर्यंत बंद करू नये. आकाशात असतानाच ट्रान्सपॉन्डरवर, म्हणजे रडारला विमानाची ओळख देणाऱ्या यंत्रावर, ७७०० हा आणीबाणीचा आकडा लावावा आणि रेडिओवर चालू वारंवारितेवर, उत्तर नसेल तर १२१.५ वर, हाक द्यावी.

परदेशी माहिती वाचून अनेक नवखे उपग्रह फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारी लहान यंत्रे मागवतात. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ती बाळगणे गुन्हा ठरतो आणि अटकही होऊ शकते. त्याऐवजी साध्या फोनवर विश्वास ठेवावा, बोलणे लागत नसले तरी संदेश अनेकदा जातो हे लक्षात असू द्यावे, आणि निघण्यापूर्वी जमिनीवरच्या एका जबाबदार माणसाला मार्ग, पोहोचण्याची वेळ आणि ‘या वेळेपर्यंत माझा फोन आला नाही तर कोणाला कळवायचे’ हे लिहून द्यावे. घरी सांगून निघणे ही आपली जुनी रीत आहे, आणि शोधाची सुरुवात तिच्यामुळे कित्येक तास आधी होते.

सहावी पायरी : पाणी, औषध आणि खुणा

जाकिटाशिवाय एक लहान पिशवी पुढच्या सीटमागे, हाताला येईल अशी बांधून ठेवावी. तिच्यात सर्वांत जास्त जागा पाण्याला द्यावी. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याकडे पारा ४५ अंशांपुढे जातो, आणि अशा उन्हात सावलीत बसलेल्या माणसालाही दिवसाला चार-पाच लिटर पाणी लागते. माणशी किमान तीन लिटर पाणी उन्हाळ्यात असावे, आणि ओआरएसचे पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच मिसळावे. कमी पाण्यात मिसळलेले घट्ट द्रावण अपाय करते. चॉकलेट आणि बिस्किटे वितळतात, कुबट होतात. त्यापेक्षा फुटाणे, गूळ-शेंगदाणे आणि खारीक उन्हाळाभर टिकतात.

औषधांत जखमेच्या पट्ट्या, हातमोजे, कात्री, जंतुनाशक, पॅरासिटामॉल आणि डास पळवणारे मलम ठेवावे. गडचिरोली व गोंदियाच्या जंगलभागात हिवताप आजही आहे. सर्पदंशासाठी वेगळी पेटी नेण्याची गरज नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर एकच प्रतिविष रुग्णालयात दिले जाते, आणि आपले काम एवढेच की दंश झालेला हात किंवा पाय हलू न देता माणसाला तिथवर पोहोचवावे. दोरी आवळणे, चीर देणे, चोखणे यांतले काहीही करू नये. जाकिटातली रक्तस्रावाची पट्टी सापासाठी नसून धमनीतून वाहणाऱ्या रक्तासाठी आहे, हे बरोबरच्या प्रवाशालाही सांगून ठेवावे.

वरून दिसण्यासाठी रंगीत कापड लागते. पुस्तके नारिंगी रंग सांगतात. पण फाल्गुनात आपल्या रानात पळस फुललेला असतो आणि त्या केशरी गर्दीत नारिंगी कापड हरवून जाते. एका बाजूने नारिंगी व दुसऱ्या बाजूने निळी अशी ताडपत्री घ्यावी आणि भोवतालचा रंग पाहून बाजू निवडावी. तिच्याबरोबर पांढऱ्या कापडाच्या तीन-तीन मीटरच्या दोन पट्ट्या असाव्यात : त्यांनी जमिनीवर इंग्रजी व्ही अक्षर केले तर मदत हवी आहे, आणि फुलीसारखे एक्स केले तर वैद्यकीय मदत हवी आहे, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. धुराची खूण मार्च ते जून या काळात टाळावी. वाळलेल्या सागाच्या पानांत लागलेला वणवा आपल्याला आणि वाचवायला येणाऱ्यांनाही गाठतो.

पेट्रोल गळत नसेल तर विमानाजवळच थांबावे. माणसापेक्षा विमान वरून लवकर दिसते. मोहफुले पडण्याच्या दिवसांत, मार्च-एप्रिलमध्ये, पहाटे मोहाच्या झाडाखाली अस्वल येते, म्हणून त्या झाडाखाली रात्र काढू नये. गाव जवळ असेल तर गावच आपल्यापर्यंत पाव तासात येते.

आग विझवण्याचे नळकांडे कॉकपिटमध्ये हाताशी, घट्ट बसवलेले असावे. घरगुती कोरड्या पावडरीचे नळकांडे नेऊ नये. बंद कॉकपिटमध्ये पावडर उडाली की काही दिसत नाही आणि नंतर ती ॲल्युमिनियमला खाते. हॅलॉन किंवा त्याच्या जागी आलेल्या वायूचे नळकांडे घ्यावे. कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू दाखवणारे लहान बॅटरीचे यंत्रही हवेच. डिसेंबरच्या थंड सकाळी हीटर चालू केल्यावर डोके दुखू लागले तर ते झोपेमुळे दुखते आहे असे समजू नये.

सातवी पायरी : वजन आणि जागा

सर्व सामान एकत्र करून धान्याच्या दुकानातल्या काट्यावर मोजावे. अंदाज नेहमी कमी निघतो. विमानपेट्रोल लिटरला साधारण ०.७२ किलो भरते, म्हणजे दहा किलो सामान म्हणजे चौदा लिटर पेट्रोल, आणि सेसना १७२ साठी ते जवळपास पंचवीस मिनिटांचे उड्डाण असते. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे, पण ४५ अंशांच्या दुपारी तिथली हवा इतकी विरळ असते की विमान सुमारे पाच हजार फुटांवरून उडाल्यासारखे वागते. धावपट्टी जास्त लागते आणि चढण मंदावते. म्हणून उन्हाळ्यात पाणी वाढवावे आणि त्या बदल्यात मेखा तशाच ठेवून अवजारांतले जड नग कमी करावेत, किंवा पहाटे निघावे. माझी अवजारे पाच किलोंच्या आत आणि आणीबाणीची पिशवी पाणी सोडून तीन किलोंच्या आत बसते.

सेसना १७२एस मध्ये मागच्या दोन्ही सामानकप्प्यांत मिळून १२० पाउंड, म्हणजे ५४ किलो, आणि त्यांतल्या सर्वांत मागच्या भागात ५० पाउंडच चालतात. अवजारे पुढच्या भागात, जाळीखाली, पट्ट्याने बांधावीत. आदळताना गुरुत्वाच्या नऊपट जोर आला, तर आठ किलोंची सुटी पिशवी पाठीवर ७२ किलोंसारखी येऊन बसते. पोलादी पाने होकायंत्राजवळ ठेवू नयेत. पॉवर बँक कधीही मागच्या कप्प्यात किंवा उन्हात उभ्या विमानात सोडू नये. ती अंगावर न्यावी आणि उतरताना बरोबर आणावी. ही सर्व वजने त्यांच्या जागेसह तोलाच्या तक्त्यात लिहावीत.

आठवी पायरी : मोजणी

अवजार इंजिनाच्या आवरणात विसरले तर ते अवजार राहत नाही, तो अपघात होतो. प्रत्येक अवजारावर एकाच रंगाची चिकटपट्टी लावावी, फोमच्या पट्टीत प्रत्येकाच्या आकाराची खाच कापावी आणि पिशवी बंद करण्यापूर्वी सर्व खाचा भरल्या आहेत हे पाहावे. अभियंत्याने वापरल्यावरही हीच मोजणी त्याच्यासमोर करावी. चांगला अभियंता त्याने रागावत नाही.

वर्षातून दोन दिवस सर्व सामान बाहेर काढून सतरंजीवर मांडावे. खंडेनवमीला अवजारांची पूजा होतेच, तो एक दिवस. दुसरा आखाजीचा, कारण त्यानंतर कडक ऊन आणि पाठोपाठ पाऊस येतो. त्या दिवशी औषधे, ईएलटीची बॅटरी व अग्निशामक यांच्या मुदती पाहाव्यात, टॉर्चचे सेल बदलावेत, ट्यूबची घडी दुसऱ्या रेषेवर घालावी, पाणी बदलावे, दोर हातातून सरकवत उंदरांनी कुरतडलेली जागा शोधावी, आणि झाकणावरच्या कार्डातले दूरध्वनी एकेक लावून पाहावेत.